बजरीगराची पिल्ले

आपल्याकडील झाडांवर दिसणारा, गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट हा वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडून पिंजऱ्यात कोंडण्यास मनाई आहे. घरी जोपासता येतो असा लहानसा पोपट म्हणजे बजरीगर होय. बाजारात त्याला पुष्कळ जण 'लव्हबर्ड' म्हणतात. परंतु ते नाव वस्तुतः आफ्रिकेतील निराळ्या पोपटांचे आहे.

बजरीगराची मायभूमी ऑस्ट्रेलिया. तेथील रुक्ष मैदानांत तो थव्याने राहतो आणि गवताचे बी खातो. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने त्याला इंग्लंडात नेले. मूळचा हा पक्षी हिरवा; निळे, पांढरे इत्यादी रंग मनुष्याने निवडीने वाढविले. चोचीच्या मुळाशी असलेली त्वचा प्रौढ नरात बहुधा निळी व मादीत तपकिरी असते.

रानात हा पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. म्हणून घरी त्याला लाकडी पेटी द्यावी. तिला वाटोळे भोक असावे व तळाशी उथळ खळगा कोरलेला असावा, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. काड्या-कापूस घालण्याचे कारण नाही. बाजरी, राळा, हिरवा पाला, स्वच्छ पाणी आणि अंड्यांच्या कवचासाठी चुना पुरविणारा समुद्रफेस, एवढा आहार नित्य ठेवावा. एक वर्षाच्या आतील मादीची जोडी मात्र लावू नये.

मादी एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते. ती एकटीच अंडी उबविते व नर तिला भरवितो. सुमारे अठरा दिवसांनी पिलू बाहेर येते. ते आंधळे व पिसांवाचून असते. पहिल्या अंड्यापासूनच ऊब मिळत असल्याने पिल्ले एकदम जन्मत नाहीत. पाच अंडी असल्यास धाकटे पिलू थोरल्याहून आठ दिवसांनी लहान असते. थोरल्यांच्या गर्दीत ते उपाशी राहण्याचा संभव असतो. यास्तव पेटी रोज हलकेच उघडून त्याच्या गळ्याखालील अन्नाची पिशवी पाहावी. पातळ कातडीतून आतील दाणे स्पष्ट दिसतात. ती रिकामी आढळल्यास विलंब न करता पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

सुमारे पाच आठवड्यांनी पिल्ले पेटीबाहेर येतात. त्यानंतरही काही दिवस नर त्यांना भरवितो. स्वतः दाणे सोलून खाऊ लागल्यावरच त्यांना वेगळे करावे. लागोपाठ दोन विणींनंतर पेटी काढून घ्यावी व मादीस विश्रांती द्यावी.

मुलांनो, जोडी लावण्यापूर्वी एक विचार अवश्य करावा. एका जोडीची पाच पिल्ले झाली, तर त्यांना जागा व दाणापाणी कोण देणार? पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यास रानातील अन्न शोधता येत नाही आणि शत्रूही ओळखता येत नाही. त्याला आकाशात सोडणे ही दया नव्हे. ज्याला आपण जन्मास आणविले, त्याचा सांभाळ अखेरपर्यंत करणे हेच खरे पक्षिप्रेम होय.