भांग, विजया आणि हेम्प : थेंब नव्हे, मिलिग्रॅम मोजा

शेतकरी मेळाव्यात पीक-सल्ल्याचे सत्र संपले की काही प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारले जातात. अलीकडे त्यांत ‘हेम्पच्या तेला’ची भर पडली आहे. वडिलांची गुडघेदुखी थांबत नाही, मुलाला फेफरे येतात, रात्री झोप लागत नाही. ऑनलाइन मिळणारे हे तेल घ्यावे का, आणि घेतल्यास किती थेंब? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : एवढी मागणी असेल, तर हे पीक आपल्या शेतात घेता येईल का?

विस्तार कार्यकर्ता डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. औषध लिहून देणे हे त्याचे काम नव्हे. परंतु ‘मात्रा’ ही संकल्पना त्याच्याइतकी रोजच्या वापरात क्वचितच कोणाच्या असेल. कीडनाशकाच्या डब्यावरील सक्रिय घटकाचे प्रमाण वाचून पंपाला किती मिली घालायचे, हे तो वर्षानुवर्षे शिकवीत आला आहे. तेच गणित या बाटलीला लावले, तर निम्मा संभ्रम जागीच दूर होतो. उरलेला निम्मा संभ्रम नावांचा आहे; म्हणून आरंभ तेथूनच करू.

एक वनस्पती, अनेक जिन्नस

भांग, गांजा, चरस, विजया आणि हेम्प ही सर्व नावे कॅनाबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीशी निगडित आहेत. फरक आहे तो वनस्पतीच्या भागाचा, वाणाचा आणि प्रक्रियेचा. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म राळग्रंथी असतात. कॅनाबिनॉइड या गटातील संयुगे प्रामुख्याने तेथेच तयार होतात. त्यांतील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजे टीएचसी हे नशा आणणारे, तर कॅनाबिडिऑल म्हणजे सीबीडी हे नशा न आणणारे संयुग होय. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि पानांपासून तयार होते ती भांग. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हीच वनस्पती विजया या नावाने येते. ज्या वाणांत टीएचसीचे प्रमाण अत्यल्प असते आणि जे धागा वा बियांसाठी घेतले जातात, त्यांना औद्योगिक हेम्प म्हणतात.

बी मात्र निराळे आहे. बियांच्या आत राळग्रंथी नसतात. काढणी-मळणीच्या वेळी फुलोऱ्याची राळ बियांच्या सालीला चिकटते, तेवढ्यापुरतेच कॅनाबिनॉइड त्यांच्यासोबत येतात. कुमाऊँ-गढवालच्या स्वयंपाकघरांत भांगेच्या भाजलेल्या बियांची लिंबू-मिरची घातलेली चटणी पिढ्यान् पिढ्या केली जाते, ती खाऊन कोणाला नशा चढत नाही, याचे कारण हेच. (त्याच भागात मिळणारा ‘भंगजीरा’ नावाने फसवतो, ती पेरिला ही पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे.) बी हे प्रथिने व तेल यांचा चांगला स्रोत आहे. सोललेल्या बियांत सुमारे ३० टक्के प्रथिने असतात आणि तेलात ओमेगा-६ व ओमेगा-३ मेदाम्ले साधारण तीनास एक या प्रमाणात आढळतात. म्हणजेच बियांचे तेल हे जवसाच्या तेलाप्रमाणे पोषक अन्न आहे. ते सीबीडीचे औषध नव्हे.

बाजारात मात्र बियांचे तेल, सीबीडीयुक्त तेल आणि विजयाचा अर्क हे तिन्ही जिन्नस सारख्याच दिसणाऱ्या, ड्रॉपर लावलेल्या छोट्या बाटल्यांतून विकले जातात. ग्राहकाची फसगत येथे सुरू होते.

फवारणीचे गणित बाटलीला लावू

इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल आणि ७० टक्के डब्ल्यूजी ही दोन्ही रूपे बाजारात मिळतात. घटक एकच, पण दुसऱ्या रूपात तो साडेतीन ते चार पट अधिक आहे. दोन्हींची मात्रा सारखीच ठेवण्याची चूक कोणताही जाणता शेतकरी करणार नाही. मग ‘पाच थेंब घ्या’ हा सल्ला बाटलीची तीव्रता न पाहता कसा स्वीकारावा?

समजा, ३० मिलीच्या एका बाटलीत एकूण ३०० मिलिग्रॅम सीबीडी आहे. म्हणजे प्रति मिली १० मिलिग्रॅम. एका मिलीत सुमारे २० थेंब धरले, तर प्रत्येक थेंबात अर्धा मिलिग्रॅम येतो. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या बाटलीत १,५०० मिलिग्रॅम असेल, तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम होतात. ‘पाच थेंब’ म्हणजे पहिल्या बाटलीतून अडीच मिलिग्रॅम आणि दुसरीतून साडेबारा. थेंबांची संख्या तीच असली, तरी मात्रा पाचपट झाली.

येथे आणखी एक सापळा आहे. काही लेबलांवर ‘विजया अर्क १,००० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते. हे वजन संपूर्ण अर्काचे असते; त्यात टीएचसी किती व सीबीडी किती, हे त्यावरून कळत नाही. पाकिटाचे वजन म्हणजे सक्रिय घटकाचे वजन नव्हे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून लेबलावर टीएचसी आणि सीबीडी यांचे प्रति मिली प्रमाण स्वतंत्रपणे दिलेले आहे का, हा पहिला प्रश्न असावा. त्या गटक्रमांकाचा प्रयोगशाळा-अहवाल उपलब्ध आहे का, हा दुसरा.

अहवालाची गरज का? अमेरिकेत ऑनलाइन खरेदी केलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत सीबीडीचे प्रमाण लेबलाशी जुळले आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. लेबल वाचणे आवश्यक आहेच. परंतु तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

तेलाचा चमचा आणि फेफऱ्याचे औषध

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, बियांचे तेल व बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यासाठी टीएचसीची कमाल मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात किलोला १० मिलिग्रॅम अशी आहे. अशा अन्नपदार्थात सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

आता मुलाच्या फेफऱ्याचा प्रश्न घेऊ. लेनॉक्स-गॅस्टो व ड्राव्हे या अपस्माराच्या दोन दुर्मीळ व तीव्र प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झाले. त्याची आरंभीची मात्रा दररोज शरीराच्या प्रति किलो वजनास ५ मिलिग्रॅम, आणि पुढे साधारणपणे १० मिलिग्रॅम अशी आहे. २० किलो वजनाच्या मुलासाठी ती दररोज २०० मिलिग्रॅम होते.

बियांच्या तेलात मर्यादेइतके सीबीडी आहे असे गृहीत धरले, तरी पाच मिलीच्या एका चमच्यात ते जेमतेम एक-तृतीयांश मिलिग्रॅम भरते. २०० मिलिग्रॅम मिळवायचे, तर दिवसाला जवळजवळ २.९ लिटर तेल प्यावे लागेल. एवढा हिशेब मांडला की आणखी समजावण्याची गरज उरत नाही. ‘हेम्पचे तेल सुरू केले’ म्हणून मुलाची चालू गोळी बंद करणे म्हणजे त्याला औषधाविना ठेवणे होय. अपस्माराचे औषध अचानक थांबविल्यास सलग झटके येऊन जिवावर बेतू शकते. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

याच्या उलट बाजूही आहे. खऱ्याखुऱ्या सीबीडीचे औषध व्हॅल्प्रोएट या गोळीसोबत दिल्यास यकृतातील विकरांचे प्रमाण वाढण्याचा धोका अधिक असतो. क्लोबाझामसोबत दिल्यास गुंगी वाढते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणामही बदलू शकतो. म्हणून चालू औषधांची माहिती डॉक्टरांना दिल्यावाचून असे कोणतेही तेल सुरू करू नये. ‘वनस्पतिजन्य आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज धोतऱ्याच्या बियांइतकाच घातक आहे.

निरोगी प्रौढांबाबत ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०२० मध्ये सीबीडीची कमाल मर्यादा दररोज ७० मिलिग्रॅम सुचविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १० मिलिग्रॅमवर आणण्यात आली. दीर्घकाळ घेतल्यास यकृतावर होणारा संभाव्य परिणाम हे त्यामागील एक कारण होते. पुरावा वाढेल तशी मात्रेची शिफारसही बदलते. जुन्या जाहिरातीतील आकडा आज प्रमाण मानू नये.

परिणाम उशिरा येतो, म्हणून चूक होते

टीएचसी असलेला पदार्थ खाल्ला अथवा प्यायला, तर परिणाम दिसण्यास अर्धा ते दोन तास लागतात आणि तो अनेक तास टिकतो. यकृतात टीएचसीचे रूपांतर होऊन तयार होणारे संयुगही नशा आणणारेच असते. होळीच्या दिवशी भांगेची थंडाई पिऊन ‘काहीच झाले नाही’ म्हणत दुसरा पेला घेणारा तासाभराने दोन्ही पेल्यांचा परिणाम एकदम भोगतो. तणनाशक फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी तण उभे दिसले म्हणून पुन्हा फवारणी करण्यासारखेच हे आहे.

जेथे वैद्यकीय देखरेखीखाली असे औषध दिले जाते, तेथील तत्त्व म्हणूनच साधे आहे : अल्प मात्रेने आरंभ, सावकाश वाढ, आणि प्रत्येक टप्प्यावर नोंद. बहुविध काठिण्य या मज्जाविकारात स्नायूंच्या ताठरतेसाठी ब्रिटनमध्ये २०१० साली मान्य झालेल्या तोंडातील फवाऱ्याच्या प्रत्येक दाबात २.७ मिलिग्रॅम टीएचसी व २.५ मिलिग्रॅम सीबीडी असते. रुग्ण एका दाबाने सुरुवात करून दिवसांगणिक वाढवीत जातो आणि दिवसाला १२ दाबांची मर्यादा पाळतो. औषध म्हणून वापर म्हणजे काय, हे या मोजमापातून ध्यानात येते.

पुरावा कोठे आहे, कोठे नाही

अपस्माराचे काही प्रकार, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि वर उल्लेखिलेली स्नायूंची ताठरता यांबाबत पुरावा भक्कम आहे. दीर्घकालीन वेदनांत काही रुग्णांना मध्यम स्वरूपाचा आराम मिळतो. झोप, ताणतणाव आणि सांधेदुखी यांविषयी जाहिराती जेवढ्या ठाम आहेत, तेवढा पुरावा ठाम नाही. कर्करोग बरा होतो, हा दावा तर मुळीच स्वीकारू नये.

गर्भवती व स्तनदा माता, मुले व किशोरवयीन, हृदयरोगी, यकृताचे रुग्ण, तसेच स्वतःस वा कुटुंबात तीव्र मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी अशी उत्पादने वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. टीएचसीयुक्त औषध घेतल्यावर ट्रॅक्टर, मळणीयंत्र वा कडबाकुट्टी चालविणे टाळावे.

विजयायुक्त आयुर्वेदिक औषधे कायदेशीर आहेत. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग (बिया वगळून) समाविष्ट आहे. त्यामुळे अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. ती नसल्यास उत्पादन खरेदी करू नये.

हे पीक आपल्या शेतात घेता येईल का?

परवान्याशिवाय नाही. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, हे खरे; पण त्यामुळे झाड लावण्याची मुभा मिळत नाही. अन्न म्हणून आणलेले बी परसात टाकले आणि उगवले, तरी अडचण उभी राहू शकते.

याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये धागा, बी वा बागायती प्रयोजनासाठी लागवडीची विशेष तरतूद आहे. उत्तराखंडने ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पसाठी परवाना-पद्धती सुरू केली. जम्मूची भारतीय एकात्मिक औषध संस्था चाठा येथील संरक्षित प्रक्षेत्रावर औषधी उपयोगासाठी संशोधन करीत आहे. तेथील अनुभव महाराष्ट्राच्या शिवारात जसाच्या तसा उचलता येणार नाही. येथे तशी परवाना-व्यवस्था नसताना बियाणे विकणारा वा पुनर्खरेदीची हमी देणारा कोणीही असो, त्याच्याकडे प्रथम शासनाचा लेखी परवाना मागावा.

परवाना असलेल्या प्रदेशातही ०.३ टक्क्यांची मर्यादा पाळणे सोपे नाही. टीएचसीचे प्रमाण वाणाबरोबरच फुलोऱ्याच्या पक्वतेनुसार बदलते. पीक परागीभवनासाठी वाऱ्यावर अवलंबून असल्याने रानटी भांगेचे पराग मिसळून पुढील पिढीचे बियाणे बिघडते. ताज्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते व उष्णतेने त्याचे टीएचसीत रूपांतर होते. म्हणून प्रयोगशाळा आम्लरूपाचे ०.८७७ पट मूल्य मिळवून ‘एकूण टीएचसी’ काढते. ही मर्यादा ओलांडलेले पीक विकता येत नाही. ते नष्ट करण्याची वेळ येऊ शकते.

विचारणाऱ्यास काय सांगावे?

• बाटलीत नेमके काय आहे : बियांचे तेल, सीबीडी की विजयाचा अर्क?
• प्रति मिली टीएचसी व सीबीडी किती मिलिग्रॅम? हे लिहिलेले नसल्यास मात्रा ठरविणे अशक्य आहे.
• त्या गटक्रमांकाचा प्रयोगशाळा-अहवाल, उत्पादन-परवाना आणि वैद्यकीय देखरेखीची सूचना आहे का?
• चालू औषधे कोणती? त्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे अथवा नोंदणीकृत वैद्यांकडे जावे. चालू औषध स्वतःहून बंद करू नये.
• घरात असे उत्पादन असल्यास ते मुलांच्या हाती लागणार नाही, असे कुलूपबंद ठेवावे. चुकून मुलाच्या पोटात गेल्यास परिणामाची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे.

कीडनाशकाचा डबा उघडण्यापूर्वी लेबल वाचावे, ही सवय गावोगावी रुजविण्यास विस्तार यंत्रणेला अनेक वर्षे लागली. तीच सवय आता औषधाच्या बाटलीपर्यंत नेण्याची वेळ आली आहे. पुढील मेळाव्यात कोणी हळूच ‘किती थेंब?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी बाटली हातात घ्यावी आणि तिच्यावरील मिलिग्रॅम त्याच्यासोबत वाचावेत.