घंटा झाली, शाळा भरली नाही

2 डिसेंबर 2020. मुंबई शेअर बाजारात उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी घंटा वाजवली आणि लखनौ महापालिकेचे 200 कोटींचे रोखे बाजारात दाखल झाले. मुदत दहा वर्षं, व्याज साडेआठ टक्के. केंद्राने 26 कोटींचं प्रोत्साहन अनुदान दिलं. पैसा अमृत योजनेतल्या पाणीपुरवठ्यासाठी आणि एका गृहप्रकल्पासाठी होता.

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रोडवर तेलीबाग आहे. एकीकडे छावणी, पुढे पीजीआय रुग्णालय, शेजारी आवास विकास परिषदेची वृंदावन योजना. वस्ती अशी वाढली की मुलं आलीच. पण त्या 200 कोटींत शाळेची एक खोलीही नव्हती.

यात लखनौ एकटं नाही. बंगळूरने 1997 मध्ये रोखे काढले, अहमदाबादने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटी उभे केले. पुढे नागपूर, नाशिक आले. सेबीने 2015 मध्ये नियम घालून दिले आणि जून 2017 मध्ये पुण्याने समान पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटी घेतले. पाणी, गटारं, रस्ते. ही यादी तिथेच फिरत राहिली.

कारण व्यवहाराचं आहे. रोखे घेणारा आधी विचारतो, परतफेड कशातून? मग मालमत्ता कराचा पैसा एका वेगळ्या खात्यात जातो. त्यातून हप्त्याची तरतूद बाजूला निघते आणि उरलेलं महापालिकेच्या हाती येतं. व्याज थांबत नाही. पुण्यात रोखे निघाले आणि निविदा वादात सापडून फेरनिविदा काढाव्या लागल्या, तरी व्याजाचं मीटर चालूच होतं. पाण्याला निदान पट्टी लावता येते. मोफत शाळेला काय लावणार?

अमेरिकेत शाळांसाठी रोखे हा नेहमीचा मार्ग आहे. कॅलिफोर्नियात 2000 सालापासून 55 टक्के मतदारांनी होकार दिला की शाळेचे रोखे काढता येतात, आणि ते फेडायला घरपट्टी वाढते. शाळा कुणाची आणि कर्ज कुणाचं, हे मतदाराला आधीच ठाऊक असतं.

तेलीबागेत मात्र हे दोन धागे वेगवेगळ्या हातांत आहेत. उत्तर प्रदेशात 1972 च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या प्राथमिक शाळा बेसिक शिक्षा परिषदेकडे गेल्या. तेलीबागेतला माणूस हाऊस टॅक्स भरतो नगर निगमकडे. मूल जातं परिषदेच्या शाळेत. निगमने कर्ज काढावं कुणाच्या इमारतीसाठी?

महाराष्ट्रात कर आणि शाळा यांची गाठ अजून सुटलेली नाही. मुंबईचं मालमत्ता कराचं बिल उघडून पाहा: त्यात राज्याच्या शिक्षण उपकराबरोबर महापालिकेचा शिक्षण उपकर वेगळ्या ओळीत छापलेला असतो, आणि प्राथमिक शाळाही महापालिकाच चालवते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी रयतेचा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, असं बजावलं होतं. त्या मागणीची सावली या ओळीवर दिसते. शाळेचे रोखे इथे कुणी काढायचे ठरवले, तर बोट ठेवायला निदान एक ओळ आहे.

लखनौच्या रोख्यांची मुदत 2030 मध्ये संपेल. 2020 मध्ये तेलीबागेतल्या प्राइमरीत पहिलीत बसलेलं मूल तेव्हा अकरावीत असेल.