नापास शाळेचा दंड कोणी भरायचा?

शाळा नापास झाली तर शिक्षा कोणाला व्हावी? मुख्याध्यापकाला, कारभार पाहणाऱ्या मंडळाला, की बाकावर बसलेल्या पोराला? अमेरिकेतील मिसुरी राज्याने २०१३ साली या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या प्रत्येक आईबापाने समजून घेण्यासारखे आहे.

सेंट लुईस शहराच्या उत्तरेला नॉर्मंडी हा उपनगरी भाग आहे. आजूबाजूच्या दोन डझन चिमुकल्या नगरपालिकांतील मुले तेथील एकाच शाळा मंडळाखाली शिकतात. एके काळी ही सारी वस्ती गोऱ्यांची. काळ्या माणसाला घर विकायचे नाही, असे करारच गोरे घरमालक आपसांत करीत. सेंट लुईसच्याच लॅबडी रस्त्यावरील एका घरासाठी शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने लढा दिला. (रस्त्याचे नाव रोमन अक्षरांत वाचले तर आपण ‘लबाडी’च वाचू!) १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असले करार कोर्टाच्या बळावर अमलात आणता येणार नाहीत. पुढे कृष्णवर्णीय कुटुंबे उपनगरांत येऊ लागली, तसतशी गोरी कुटुंबे आणखी दूर सरकली. जाताना त्या वस्तीतल्या घरांची किंमतही सोबत घेऊन गेली म्हणा ना!

घराच्या किमतीचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. फार जवळचा संबंध आहे. तिकडे शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. जेथे बंगले, तेथे कमी दरानेही तिजोरी भरते. जेथे पडकी घरे आणि बंद दुकाने, तेथे दर चढवावा लागतो, तरी पैसा पुरत नाही. नॉर्मंडीच्या शाळांसाठीचा दर राज्यातील सर्वांत चढ्या दरांपैकी एक होता. म्हणजे ‘गरिबांना शिक्षणाची किंमत नाही’ हे नेहमीचे बोलणे येथे टिकत नाही. त्यांनी ऐपतीबाहेर पट्टी भरली. बाकीची गाडी राज्याच्या व केंद्राच्या मदतीवर चाले. त्यात २०१० साली शेजारचे वेलस्टन हे त्याहून दरिद्री मंडळ राज्याने बंद केले आणि तेथील मुले नॉर्मंडीच्याच पदरात टाकली.

निकाल वाईटच होते, ते झाकण्यात अर्थ नाही. जानेवारी २०१३ पासून मंडळाची मान्यता गेली. आता १९९३ चा एक कायदा पुढे आला. मान्यता गेलेल्या मंडळातील मुलाला शेजारच्या चांगल्या मंडळात शिकण्याचा हक्क आहे, असे तो सांगतो. जून २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क उचलून धरला. कागदावर किती न्याय्य! परंतु त्या मुलाची फी भरायची कोणी? ज्या मंडळातून मूल गेले, त्यानेच. आणि रक्कम ठरवणार चांगले मंडळ. काही श्रीमंत मंडळांची फी एका मुलामागे वर्षाला वीस हजार डॉलरच्या घरात होती.

सुमारे चार हजारांपैकी हजारभर मुले निघाली. त्यांच्या आईबापांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. शाळा सुधारेपर्यंत लेकरू लहान राहत नसते. भल्या पहाटे उठून ही मुले बसने फ्रान्सिस हॉवेल या दूरच्या, बहुसंख्य गोऱ्यांच्या मंडळात जाऊ लागली. पण त्याआधी, जुलैमध्ये, तेथील पालकांची सभा भरली होती. दोन हजारांहून अधिक माणसे जमली. आमच्या शाळांचे गुण घसरतील, मारामाऱ्या येतील, दारावर धातुशोधक यंत्रे बसवा, अशी भाषणे झाली आणि त्यांना टाळ्या पडल्या. ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते, त्यांतील काही आया व मुली त्याच सभागृहात बसल्या होत्या.

आणि मागे राहिलेली तीन हजार मुले? त्यांच्या शाळेतला पैसा दरमहा श्रीमंत मंडळांकडे वाहू लागला. त्याच शरद ऋतूत नॉर्मंडीने एक प्राथमिक शाळा बंद करण्याचा आणि शंभराच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचा निर्णय घेतला. शिक्षक गेले, वर्ग फुगले. वर्ष पुरे करण्यासाठी राज्याला वीस लाख डॉलर द्यावे लागले. दुखऱ्या पायाचे रक्त काढून धडधाकट पायाला द्यावे, तसा हा उपचार. त्याचा गुणही तसाच आला. २०१४ च्या मोजणीत या मंडळाला १४० पैकी १० गुण पडले.

जुलै २०१४ मध्ये राज्याने जुने मंडळ मोडून नवे बनवले आणि त्याबरोबर ‘मान्यता गेलेली’ ही पाटीही पुसून टाकली. पाटी नाही म्हणून बाहेर जाण्याचा हक्कही नाही, असा पवित्रा घेतला गेला. फ्रान्सिस हॉवेलने आदल्या वर्षी घेतलेल्या मुलांना दार लावले. आईबाप कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१५ च्या निकालात कोर्टाने राज्याची ही पाटीपुसणी बेकायदा ठरवली.

मधल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा नि:शस्त्र तरुण मारला गेला. साऱ्या जगाने त्याचे नाव ऐकले. तो नॉर्मंडी हायस्कूलमधून नुकताच उत्तीर्ण झाला होता, हे फार थोड्यांच्या कानी आले.

डिसेंबर २०१७ मध्ये नॉर्मंडीला तात्पुरती मान्यता परत मिळाली. मान्यता गेली तेव्हा पहिलीत असलेले मूल तोवर सहावीत पोहोचले होते.