पत्रीची ओळख

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप आली, की मन पंचावन्न वर्षे मागे लालबागच्या चाळीत जाऊन बसते. गॅलरीत रिकाम्या डब्यांतून आजीने तुळस, गवती चहा, अडुळसा जोपासला होता. खोकल्यास अडुळशाचा रस मधातून, पडशास आल्याचा काढा, केसांस माक्याचे तेल, हा तिचा शिरस्ता.

पूजेपूर्वी ती एकवीस पत्री आम्हांपुढे मांडून नावे वदवून घेई : माका म्हणजे भृंगराज, आघाडा म्हणजे अपामार्ग, डोरली म्हणजे बृहती. बेल व बृहती यांची मुळे दशमुळांत येतात, हेही तिनेच सांगितले.

एके वर्षी धाकट्या भावाने जुडीतल्या धोतऱ्याचे काटेरी बोंड फोडून बिया खाल्ल्या. तोंड कोरडे, डोळ्यांतील बाहुल्या विस्फारलेल्या, बडबड असंबद्ध. शेजारणी काढा सुचवू लागल्या. आजी म्हणाली, "विषापुढे माझा काढा चालायचा नाही." तडक त्याला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात नेले, तो वाचला. औषधी जाणणे म्हणजे तिची मर्यादाही जाणणे, हे त्या दिवशी उमगले.

आज दादरच्या बाजारात पत्रीची बांधलेली जुडी सहज मिळते. घरात पाने ओळखणारे मात्र विरळा. यंदा श्रींना पत्री वाहताना मुलांना प्रत्येक पानाचे नाव सांगावे. धोतरा, कण्हेर, रुई यांना पूजेत मान असला, तरी ती तोंडात घालावयाची नाहीत, हेही बजावावे. तेही पूजेचेच एक अंग होय.