कॅमेरा बसवणाऱ्याचा पासवर्ड

2 जानेवारी 2024 रोजी रशियाने कीव्हवर क्षेपणास्त्रांचा मोठा मारा केला. त्याच दिवशी युक्रेनच्या एसबीयू या सुरक्षा यंत्रणेने शहरातले दोन कॅमेरे बंद पाडल्याचं जाहीर केलं. दोन्ही अगदी साधे. एक निवासी इमारतीच्या बाल्कनीतला, रहिवाशांनी आसपास लक्ष ठेवायला लावलेला. दुसरा एका गृहसंकुलाच्या पार्किंगवरचा. एसबीयूच्या म्हणण्यानुसार रशियन हेरखात्याने बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचा दुरूनच ताबा घेतला, त्याचं तोंड फिरवलं आणि चित्रण यूट्यूबला जोडून टाकलं. पूर्ण युद्ध पेटल्यापासून असे सुमारे 10,000 कॅमेरे बंद केल्याचंही यंत्रणेने सांगितलं.

उपग्रह पदरी असताना पार्किंगचा कॅमेरा कशाला हवा? उपग्रह डोक्यावरून निघून जातो, ढग आले की बऱ्याच वेळा आंधळा होतो. बाल्कनीतला कॅमेरा जागचा हलत नाही. क्षेपणास्त्र पडलं की धूर कुठल्या छपरामागून निघाला, ते अडवायला प्रतिअस्त्र कुठल्या दिशेने उठलं, अग्निशमन दल किती वेळाने पोचलं, सगळं तो दाखवतो. तोफखान्याच्या भाषेत हे पुढे बसलेल्या निरीक्षकाचं काम आणि ते जिवावरचं असतं. 1999 च्या कारगिल संघर्षात घुसखोर द्रासजवळच्या शिखरांवर चढून बसले. तिथून श्रीनगर-लेह महामार्ग नजरेखाली येत होता आणि पलीकडच्या तोफांना नेम सांगता येत होता. त्यांतलं तोलोलिंग परत घेताना त्याची किंमत आपल्या जवानांनी मोजली. आज तेवढी उंची तिसऱ्या मजल्यावर, वीजजोडणीसकट तयार मिळते.

जून 2025 मध्ये, इराणशी युद्ध चालू असताना, इस्रायलच्या राष्ट्रीय सायबर संचालनालयाचे माजी उपमहासंचालक रेफाएल फ्रँको यांनी रेडिओवरून नागरिकांना बजावलं: घरचे कॅमेरे बंद करा नाहीतर पासवर्ड बदला, कारण स्वतःची क्षेपणास्त्रं कुठे पडली हे पाहून पुढचा नेम सुधारायला इराणी त्यांत शिरू पाहताहेत. पुढे अ‍ॅमेझॉनच्या सुरक्षा पथकाने त्याच युद्धातला एक धागा उलगडला. इराणशी जोडला जाणारा मडीवॉटर हा हॅकरगट 17 जूनला जेरुसलेममधल्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण असलेल्या एका सर्व्हरवर पोचला होता. 23 जूनला जेरुसलेमवर क्षेपणास्त्रं आली.

यात फार मोठी हुशारी लागते असं नाही. मे 2025 मध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, पोलंड आदी देशांच्या यंत्रणांनी मिळून एक इशारा काढला. रशियन लष्करी गुप्तचर खात्याचं 26165 हे पथक मार्च 2022 पासून सीमेवरच्या नाक्यांवरचे, रेल्वे स्थानकांवरचे, लष्करी तळांजवळचे कॅमेरे धुंडाळत होतं. युक्रेनला जाणारी मदत कुठून सरकते ते पाहायला. 10,000 हून अधिक कॅमेऱ्यांवर प्रयत्न झाले. त्यांतले सुमारे 80 टक्के युक्रेनमधले, 10 टक्के रोमानियातले. पद्धत अशी: कॅमेरा ज्या आरटीएसपी प्रणालीने चित्र पाठवतो, तिच्यात ‘डिस्क्राइब’ नावाची एक विनंती असते, तुझ्याकडे काय आहे ते सांग म्हणणारी. तिच्यासोबत कारखान्यातून आलेला नाव-पासवर्डाचा जोड धाडायचा. जुळला, तर उत्तरात कॅमेऱ्यासमोरचं एक चित्रही येतं. त्यावरून तो कामाचा की टाकाऊ ते ठरवायचं. कारखान्याचे पासवर्ड तर कंपन्यांच्याच माहितीपुस्तिकांत छापलेले असतात.

पारडं फिरायलाही वेळ लागला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनचं सैन्य कुर्स्कमध्ये घुसलं, तेव्हा रशियाच्या गृहखात्याने सीमाभागातल्या लोकांना कॅमेरे न वापरण्याचा सल्ला दिला: शत्रू उघडे कॅमेरे शोधून अंगणापासून महामार्गापर्यंत सगळं बघतोय. 

आपल्याला हे अगदीच नवं नाही. 26/11 ला ताज आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांचे सूत्रधार सीमेपलीकडे टीव्ही पाहत फोनवरून सूचना देत होते. 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून खडसावलं. पुढे अतिरेकीविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंधन आलं आणि एप्रिल 2025 मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, सरकारने वाहिन्यांना पुन्हा तंबी दिली. पण वाहिनीला संपादक असतो, त्याला नोटीस धाडता येते. पार्किंगवरच्या कॅमेऱ्याची नोटीस कुणाच्या नावे काढायची? सोसायटीच्या चेअरमनच्या?

चेअरमनची मागणी एवढीच असते: मोबाइलवर लाइव्ह दिसलं पाहिजे. मग कॅमेरा बसवणारा पोरगा डीव्हीआर राउटरला जोडतो, बाहेरून येण्याची वाट मोकळी करतो आणि पुढे दुरुस्तीला सोपं जावं म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतो. तो बदलायचा असतो हे चेअरमनला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे ‘नागरिकांनी सजग राहावं’ या सरकारी उपदेशाचा मला कंटाळा आला आहे. सजग कुणी राहायचं, हे त्यात कधीच नसतं. 2025 च्या आरंभी राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण चोरून विकलं गेल्याचं उघड झालं. पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन123’, आणि पहिल्या अटकांमध्ये लातूर-सांगलीचे तरुण होते. तिथे हेतू पैशाचा होता. दार मात्र तेच.

मार्च 2021 मध्ये तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी संसदेत सांगितलं होतं की, सरकारी संस्थांमधले सुमारे 10 लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत. त्यानंतर नियम कडक झाले. एप्रिल 2025 पासून इंटरनेटला जोडता येणारा कॅमेरा विकायचा तर हार्डवेअर, सॉफ्टवेअर, अगदी मूळ संगणकीय आज्ञावलीही सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागते. कंपन्यांनी त्यावर बरीच कुरकुर केली. नियम योग्यच आहे, फक्त तो कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. शिडी लावून कॅमेरा टांगणाऱ्याला ना प्रशिक्षणाची सक्ती आहे, ना परवान्याची. आणि भिंतींवर आधीच टांगलेले कॅमेरे तर या तपासणीच्या कक्षेत येतच नाहीत.