समुपदेशन केंद्रातील व्यावसायिक : वैद्यांनी काय जाणावे?

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात यांपैकी प्रत्येकाचे चार-चार गुण वर्णन केलेले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मृती, निर्देशकारित्व व अभीरुत्व यांच्याबरोबर ‘ज्ञापकत्व’ हा गुण येतो. आपणांस काय होत आहे हे वैद्यास नीट सांगता येणे, असा त्याचा अर्थ. पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनीच हे सोळा गुण पाठ केलेले असतात. व्यवसायात मात्र कधी कधी असा रुग्ण समोर बसतो की त्याच्या ठायी हा गुण नसतो, आणि तो नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही.

विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या परिसरात चिकित्सालय असणाऱ्या वैद्यांस असे तरुण रुग्ण वारंवार भेटतात. त्यांच्यासाठी आता अनेक शिक्षणसंस्थांत समुपदेशन केंद्रे आहेत. तथापि तेथे कोण काम करते, कोणाचे शिक्षण काय व अधिकार काय, याविषयी आपल्या व्यावसायिकांत पुरेशी माहिती आढळत नाही. ती आम्हांस ज्या निमित्ताने झाली, ते प्रथम सांगणे उचित ठरेल.

एक रुग्ण

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात शिकणारा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत वडील होते. ते म्हणाले, “डॉक्टर, पोरगं रातभर जागंच असतंय. काहीतरी झोपेचं द्या.” अम्लपित्त, अरुची, शिरःशूल व अनिद्रा अशी लक्षणे होती. वसतिगृहातील आहार, जागरण व परीक्षेचा ताण हा हेतू स्पष्ट दिसत होता. अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, रात्री पादाभ्यंग, पथ्यापथ्य अशी योजना केली. अम्लपित्त उतरले, झोप मात्र आली नाही. तीन महिने तो नियमित येत होता. चौथ्या महिन्यात आला नाही, तेव्हा बरे वाटले असेल असे आम्ही गृहीत धरले.

पुढे वडिलांचा दूरध्वनी आला. मुलाने वसतिगृहाच्या खोलीत जीव देण्याचा प्रयत्न केला होता. खोलीतील मित्राच्या वेळीच लक्षात आल्यामुळे तो वाचला. नंतर कळले की, त्याने दोन विषयांची परीक्षा दिलीच नव्हती, कित्येक आठवडे तो वर्गात गेला नव्हता, आणि घरी यातले काहीही ठाऊक नव्हते. आमच्या केसपेपरवर मलप्रवृत्ती, मूत्रप्रवृत्ती, जिह्वा, नाडी, सर्व नोंदी होत्या. तो वर्गात जातो का, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याची पुढील काळजी संस्थेच्या समुपदेशन केंद्राने घेतली. त्या काळात केंद्राशी आमचा जो संबंध आला, त्यातून पुढील माहिती संकलित झाली.

पूर्वपीठिका

विद्यापीठीय समुपदेशनाची व्यवस्था प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. आरंभी तिचे स्वरूप अभ्यासक्रम व व्यवसाय यांची निवड करण्यास साहाय्य असे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेले सैनिक मोठ्या संख्येने विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हा या केंद्रांचे काम विस्तारले. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने 1945 मध्ये शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारले. समोरच्या व्यक्तीचे बोलणे कोणताही निवाडा न करता ऐकून घेणे हेच उपचाराचे अंग आहे, हा त्यांचा सिद्धांत आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. समुपदेशन सेवांना अधिमान्यता देणारी तेथील संघटना दर 1,000 ते 1,500 विद्यार्थ्यांमागे किमान एक पूर्णवेळ व्यावसायिक असावा, असे सुचवते. आपल्याकडील अनेक संस्थांत आठवड्यातून दोन दिवस येणारा एकच समुपदेशक पाहिला म्हणजे हे अंतर ध्यानात येते.

केंद्रात कोण कोण असते?

समुपदेशक : केंद्राचा हा कणा होय. मानसशास्त्र किंवा समुपदेशन या विषयातील पदव्युत्तर शिक्षण ही त्याची सामान्य पात्रता. विद्यार्थ्याची पहिली सविस्तर भेट बहुधा यांच्याशीच होते. या भेटीत तक्रार, घर, अभ्यास, झोप, व्यसन, मित्र आणि जिवाला असलेला धोका यांची क्रमाने चौकशी केली जाते. त्यावरून पुढे कोणी पाहावे हे ठरते. आपल्या दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षेशी याचे साम्य आहे. फरक इतकाच की आपण ती बहुधा अनुमानाने करतो, आणि ते तासभर बसून विचारतात. गृहविरह, परीक्षेचे भय, प्रेमभंग, न्यूनगंड अशा प्रश्नांवर समुपदेशक स्वतः काही बैठका घेतो. औषध देणे हे त्याचे काम नाही.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. अनेक महाविद्यालयांत एखाद्या प्राध्यापकाकडे ‘समुपदेशक’ हे अतिरिक्त काम सोपविलेले असते. असा आस्थेवाईक शिक्षक निश्चितच उपकारक असतो, परंतु तो या अर्थाने व्यावसायिक नव्हे. शिवाय ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याच्यापुढे विद्यार्थी मन मोकळे करील, ही अपेक्षाही फारशी रास्त नाही.

चिकित्सा मानसतज्ज्ञ : मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर, प्रत्यक्ष रुग्णानुभवासह दोन वर्षांचे पूर्णवेळ विशेष प्रशिक्षण ही यांची आजवरची प्रस्थापित पात्रता असून, 1992 च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे यांची नोंदणी होते. मानसशास्त्रीय चाचण्या, निदानास साहाय्य आणि विचार व वर्तन यांत बदल घडविणारे मनोपचार हे यांचे क्षेत्र. ‘मी एका विषयात नापास झालो, म्हणजे माझे आयुष्य संपले’ या विचाराची साखळी रुग्णाकडूनच तपासून घेणे, हे त्यांच्या कौशल्याचे उदाहरण होय. हेही औषधे लिहीत नाहीत.

मनोविकारतज्ज्ञ : हे आधुनिक वैद्यकातील पदवीधर असून मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. बहुतेक केंद्रांत ते पूर्णवेळ नसतात, ठराविक दिवशी येतात. तीव्र अवसाद, उन्माद, भास-भ्रम, आत्मघाताचा विचार अशा स्थितीत निदान व औषधयोजना यांच्याकडे असते. आमच्या रुग्णास यांनी अवसादविरोधी औषध दिले. या औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतील रुग्णांवर आरंभीच्या काळात विशेष लक्ष ठेवावे लागते, ही गोष्ट आपणही जाणून असावी.

मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता : हे पद सर्व केंद्रांत नसते, पण जेथे असते तेथे त्याचे मोल मोठे. घर, वसतिगृह, विभागप्रमुख, शिष्यवृत्ती या साऱ्यांशी हा दुवा असतो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत बुडालेली परीक्षा पुन्हा देता यावी म्हणून विभागाशी बोलणे, आणि गावी जाऊन आईवडिलांना आजार समजावून सांगणे, ही दोन्ही कामे अशा कार्यकर्त्या बाईंनी केली. वडिलांची समजूत “पोरगं आळशी झालं” अशी होती. ती बदलली नसती तर कोणतेही औषध लागू पडले नसते, असे आम्हांस आज वाटते. चतुष्पादांतील उपस्थात्याला अनुराग हा गुण का सांगितला असावा, ते तेव्हा उमगले.

यांखेरीज नोंदणी कक्षात बसणारी व्यक्तीही महत्त्वाची असते. घाबरत दाराशी आलेल्या विद्यार्थ्याला तिने मोठ्या आवाजात “काय प्रॉब्लेम आहे?” असे विचारले, तर तो परत येत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न

विद्यार्थी सावरू लागल्यावर आम्ही केंद्रात दूरध्वनी करून त्याची प्रगती विचारली. समुपदेशक बाईंनी नम्रपणे सांगितले, “त्याची संमती घेतल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.” त्या क्षणी आम्हांस राग आला. वैद्याने वैद्यकीय माहिती विचारावी आणि नकार मिळावा, हे खटकले. दोन दिवसांनी विद्यार्थ्याची संमती घेऊन त्यांनी स्वतःहून आम्हांस बोलावले आणि आवश्यक तेवढेच सांगितले. बोलण्याच्या शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला : “तुमच्याकडे तो आला तेव्हा वडील सबंध वेळ खोलीतच होते का?” पहिल्या भेटीत होतेच, आणि पुढे तो एकटा येऊ लागला तरी आमचे प्रश्न तेच राहिले.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. रुग्णाच्या अथवा अन्य कोणाच्या जिवाला धोका असणे यांसारख्या मर्यादित प्रसंगीच त्यास अपवाद आहे. विद्यार्थी समुपदेशन केंद्रात बोलतो तो या विश्वासावरच. ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण खरा, परंतु लज्जा व भय यांनी झाकलेला हा गुण प्रकट करणे हे या साऱ्या व्यावसायिकांचे मुख्य कौशल्य होय, आणि गोपनीयता हे त्याचे साधन.

कायदा व आपण

याच कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या संज्ञेत मनोविकारतज्ज्ञ व नोंदणीकृत मानसतज्ज्ञ यांच्याबरोबर ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधारकांचाही समावेश केला आहे. ही आपल्या शास्त्रास मिळालेली मान्यता अभिमानास्पद आहे. त्याचबरोबर केवळ बी.ए.एम.एस. पदवी या संज्ञेत येत नाही, हेही विसरता कामा नये. सत्त्वावजय हा आपल्या त्रिविध चिकित्सेतील एक प्रकार असला, तरी प्रशिक्षणाविना दिलेला उपदेश म्हणजे सत्त्वावजय नव्हे. “मन खंबीर कर” हे वाक्य आम्हीही त्या मुलास ऐकविले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांत, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावा, असे म्हटले आहे. आयुर्वेद महाविद्यालयेही शिक्षणसंस्थाच आहेत. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ही व्यवस्था कितपत झाली आहे, हे आपल्यातील अध्यापकांनी अवश्य पाहावे.

आपले कर्तव्य

आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

1. तरुण रुग्णाशी प्रत्येक वेळी काही मिनिटे एकांतात बोलावे. पालकांना आदराने बाहेर बसण्यास सांगता येते.

2. अनिद्रा, अरुची, अम्लपित्त, हृद्द्रव ही लक्षणे यथायोग्य चिकित्सेनेही हटत नसतील, तर वर्गातील उपस्थिती, परीक्षा, मित्र, व्यसन यांविषयी स्पष्ट विचारावे.

3. जगणे नकोसे वाटते का, हेही थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोहोचवावे. शासनाची 14416 ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

4. मनोविकारतज्ज्ञाची औषधे आपल्या सांगण्यावरून अकस्मात बंद करू नयेत. सर्पगंधेने अवसाद वाढू शकतो, म्हणून अशा रुग्णांत ती टाळावी. अश्वगंधा, जटामांसी यांसारखी द्रव्ये निद्राकर औषधांबरोबर देताना तंद्रा वाढण्याचा संभव ध्यानात घ्यावा, व संबंधित तज्ज्ञास तसे कळवावे.

5. नजीकच्या महाविद्यालयातील समुपदेशकाची एकदा प्रत्यक्ष भेट घ्यावी. ओळख असली म्हणजे रुग्णास पाठविणे सोपे जाते. “तुला वेड लागले म्हणून पाठवत नाही, झोपेच्या मुळाशी जायचे म्हणून पाठवतो” एवढे समजावून, शक्य तर आपल्यासमोरच वेळ ठरवून द्यावी.

रुग्ण दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा नाही. गुल्म पक्व झाला असता पुढील अधिकार धान्वंतरीयांचा, असे चरकाचार्यांनीच चिकित्सास्थानात सांगून ठेवले आहे. आपल्या शास्त्राची मर्यादा जाणणे हा शास्त्रज्ञानाचाच भाग आहे. आहार, निद्रा, दिनचर्या, अभ्यंग यांच्या योगे आपण पुष्कळ काही देऊ शकतो, आणि समुपदेशन केंद्रातील व्यावसायिकांनाही त्याचे साहाय्य हवे असते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत त्यांनीच पुढे त्यास झोपेच्या व आहाराच्या नियमनासाठी पुन्हा आमच्याकडे धाडले.

तो एक वर्ष उशिरा पदवीधर झाला. आता नोकरी करतो, आणि दिवाळीत गावी जाताना भेटून जातो. मागील खेपेस त्याने एका सहकाऱ्यास आणले होते. तपासण्यापूर्वी आम्ही त्या सहकाऱ्यास झोपेविषयी विचारले, मग आमच्या या जुन्या रुग्णास बाहेर बसण्यास सांगितले. तो हसला, आणि उठून बाहेर गेला.