नदीपलीकडचा फळा

रात्रपाळीला फरशी पुसणारा एक विशीतला पोरगा एमआयटीच्या व्हरांड्यात थांबतो, इकडंतिकडं बघतो आणि फळ्यावरचं गणित सोडवून टाकतो. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक लॅम्बो भरल्या वर्गात विचारतात, हे कुणी सोडवलं? एकही हात वर होत नाही. ‘गुड विल हंटिंग’ (१९९७) इथून सुरू होतो, आणि ज्यांनी तो पाहिलाय त्यातल्या बहुतेकांना तो फळाच आठवतो.

गंमत अशी, की त्या फळ्यावरचं गणित सिनेमा म्हणतो तितकं अवघड नाही. लॅम्बो वर्गात फूरियेचं नाव घेतात, फळ्यावर मात्र आलेखशास्त्रातला साधासा प्रश्न असतो : चार बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि एका बिंदूवरून दुसऱ्यावर जायचे मार्ग किती. दुसरा प्रश्न त्याहून गमतीचा. दहा बिंदू रेषांनी असे जोडा की कुठंही वर्तुळ पुरं होता कामा नये आणि कुठल्याही बिंदूला नेमक्या दोन रेषा लागता कामा नयेत. अशा वेगवेगळ्या आकृती किती? उत्तर दहा. कागद, पेन्सिल आणि मोकळी दुपार असेल तर वाचकांनीही करून बघावं. सिनेमात हे सिद्ध करायला लॅम्बोंच्या सहकाऱ्यांना दोन वर्षांवर लागली म्हणे. सल्ल्याला खरे गणिती होते, एमआयटीचे डॅनियल क्लाइटमन त्यांपैकी एक. तरीही पडद्यावर आलं ते दिसायला देखणं गणित. अनोळखी खोलीत आपली अक्कल मोजली जाते तेव्हा माणूस काय करतो, ते गुस व्हॅन सँट या दिग्दर्शकाला दाखवायचं होतं.

विल हंटिंग साउथ बॉस्टनचा, म्हणजे तिथल्या बोलीत ‘साउथी’चा. आयरिश कामकऱ्यांची जुनी वस्ती. एमआयटी आणि हार्वर्ड चार्ल्स नदीच्या पलीकडं, केंब्रिजमध्ये. रेड लाइनच्या गाडीनं फार तर अर्ध्या तासाचा रस्ता. पण साउथीतली पोरं तिकडं जायची ती बहुधा कामगार म्हणून. हार्वर्डजवळच्या बारमधला प्रसंग म्हणूनच इतका झोंबतो. मित्राला कमी लेखणाऱ्या विद्यार्थ्याला विल सुनावतो, की दीड लाख डॉलर मोजून तू जे शिकलास ते सार्वजनिक वाचनालयाच्या दीड डॉलरच्या दंडात मिळालं असतं. हे बॉस्टनमध्ये म्हणणं शोभतं. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, अमेरिकेतल्या मोठ्या मोफत नगर-वाचनालयांत पहिलं.

साउथीची ही कैफियत लिहिणारे दोघं मात्र नदीच्या श्रीमंत काठावरचे. मॅट डेमन आणि बेन अफ्लेक केंब्रिजमध्ये वाढलेले बालमित्र. डेमनची आई प्राध्यापक. हार्वर्डमध्ये नाट्यलेखनाच्या वर्गासाठी डेमननं यातला काही भाग लिहिला आणि पदवी न घेताच कॉलेज सोडलं. पुढं अफ्लेकबरोबर त्यानं तो वाढवला. सुरुवातीला हा चक्क थरारपट होता, सरकारी हेरखातं या अचाट पोराच्या मागं लागतं असा. कॅसल रॉक या चित्रपट कंपनीनं पटकथा विकत घेतली, तेव्हा तिथल्या रॉब रायनरनं सांगितलं की ती पळापळ काढून टाका. जुनेजाणते पटकथाकार विल्यम गोल्डमन यांनीही तेच सांगितलं. पुढं अफवा उठली की पटकथा गोल्डमन यांचीच आहे. ती अफवा त्यांनी स्वतः खोडून काढली. त्या पहिल्या अवताराची खूण सिनेमात अजून आहे. गुप्तहेर संस्थेची नोकरी नाकारताना विल एका दमात जे लांबलचक भाषण ठोकतो, ते तिथलंच उरलेलं.

कॅसल रॉककडून पटकथा मिरामॅक्सकडं गेली, चित्रीकरण बरंचसं टोरांटोत झालं, सुमारे एक कोटी डॉलरच्या खर्चावर बावीस कोटींच्या वर धंदा झाला. ‘टायटॅनिक’नं अकरा ऑस्कर नेली त्या १९९८ च्या रात्री नऊ नामांकनांतून याला दोन मिळाली : पटकथेचं आणि सहायक अभिनेता म्हणून रॉबिन विल्यम्सचं.

विल्यम्सचा शॉन हा विलवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञही मूळचा साउथीचाच, लॅम्बोंचा कॉलेजातला खोलीसोबती, आता एका साध्या कम्युनिटी कॉलेजात शिकवणारा. १९७५ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ज्यात कार्लटन फिस्कनं बाराव्या डावात विजयी होमरन मारला, त्याचं तिकीट हातात असताना हा गडी नुकत्याच भेटलेल्या मुलीसाठी बारमध्येच थांबला. तीच पुढं त्याची बायको झाली, आणि आता ती नाही. ती झोपेत कशी पादायची हा किस्सा विल्यम्सनं ऐनवेळी रचला. विल झालेल्या डेमनचं हसू अभिनयातलं नाही. हे सगळं लाजवाब. पण सगळ्यांना रडवणारा तो प्रसंग, ज्यात ‘यात तुझी चूक नाही’ हेच शॉन पुनःपुन्हा म्हणत राहतो आणि विल कोसळतो, मला थोडा स्वस्त वाटतो. प्रतिपालकांच्या घरी मार खाल्लेल्या पोराच्या मनाची गाठ अशी एका मिठीत सुटत नाही.

माझ्या मते सिनेमाचं खरं मर्म बांधकामाच्या साइटवर आहे. अफ्लेकचा चकी, विलचा मित्र, बियर पीत त्याला सांगतो, की वीस वर्षांनी तू इथंच दिसलास तर तुला मारून टाकीन. रोज तुझ्या दाराशी येतो तेव्हा दार वाजवण्याआधीचे दहा सेकंद माझ्या दिवसातले सगळ्यात चांगले, कारण वाटतं, आज तू नसशील. निरोप न घेता गेलेला असशील. हे प्राध्यापकाला सांगता आलं नाही, डॉक्टरलाही नाही. विलच्या मते इथं राहणं म्हणजे इमान राखणं. ज्यांच्याशी इमान राखायचं त्यांनीच ते झिडकारलं, तेव्हा त्याच्यापाशी सबब उरत नाही. अशा पोरांना आपण ‘हुशार, पण वाया गेला’ म्हणून मोकळे होतो. विलला दिशा सापडत नाही असं मुळीच नाही. लोक सोडून जातात हे तो लहानपणीच शिकलाय, म्हणून आधी आपणच सोडायचं. प्रेयसी स्कायलरलाही तो असाच तोडतो. आणि बुद्धी त्या कामी फार उपयोगी पडते. शॉनच्या खोलीतलं चित्र पाहून त्याचं सारं दुःख वाचून दाखवणं ही हुशारी नाही, तो बचाव आहे.

लॅम्बोंवर मात्र प्रेक्षक उगाच रागावतात. विलबद्दल शॉनला सांगताना ते रामानुजनांचा दाखला देतात, आणि त्यांची तळमळ खोटी नाही. याच केंब्रिजमध्ये १९०९ साली विल्यम जेम्स सायडिस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा हार्वर्डमध्ये दाखल झाला होता. पुढच्याच वर्षी त्यानं चार मितींच्या आकृतींवर व्याख्यान दिलं. मोठेपणी तो हिशेबयंत्रं चालवायच्या किरकोळ नोकऱ्या करत राहिला, ट्रामची तिकिटं जमवत राहिला, आणि १९४४ मध्ये बॉस्टनमध्येच वारला. सायडिसला आपलं आयुष्य असंच हवं होतं, वर्तमानपत्रांपासून लांब. हळहळले ते बाकीचे. लॅम्बोंची हळहळ त्याच जातीची. ज्याला मिळालंय त्यानं ते टाकू नये असं वाटणं हा काही गुन्हा नव्हे, विशेषतः स्वतः फील्ड्स पदक मिळवूनही या पोराएवढं आपल्याला दिसत नाही हे ज्याला कळून चुकलंय त्याचा.

शेवटाबद्दल डेमन-अफ्लेकना सल्ला दिला तो दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांनी. आधी विल आणि स्कायलर बरोबर निघत होते. मॅलिकना वाटलं, तिनं आधी जावं आणि त्यानं मागून निघावं. मित्रांनी वाढदिवसाला दिलेल्या खटारा गाडीतून विल कॅलिफोर्नियाकडं निघतो. आता दीड हजार कोसांच्या प्रवासाअखेर ती दार उघडेल की नाही याची खात्री नाही, आणि लॅम्बोंनी जुळवून दिलेली नोकरीही मागं राहिली. तिकडं तो पुन्हा कधी खडू हातात घेईल का, हे पटकथेत कुठंच नाही. लॅम्बोंना ते सलत राहणार, आणि इथं मी त्यांच्या बाजूनं आहे.